ताण येतो, पण उतरतो का? वाचकांची पत्रं आणि उत्तरं

मागच्या अंकात बीपीवर लिहिलं होतं, त्यावर इतकी पत्रं आणि मेसेज आलेत की प्रत्येकाला वेगळं उत्तर देणं खरंच शक्य नाहीये. पण सगळी वाचताना लक्षात आलं की बऱ्याच जणांना मुळात एकच विचारायचंय, की बाहेर एवढी उलथापालथ चालू असताना शरीर आतून कसं काय सांभाळून घेतं, आणि कधी कधी ते त्याला का जमत नाही. मी २२ वर्षं मेडिकल कॉलेजात फिजिऑलॉजी, म्हणजे शरीर कसं चालतं याचं शास्त्र, शिकवली, आता छोटा दवाखाना चालवते, आणि माझा सगळ्यात लाडका विषय कोणता विचाराल तर हाच. म्हणून या वेळी फक्त हीच पत्रं घेतलीत. नावं कुणाचीच छापत नाही.

प्रश्न : मी पुण्यात राहून एमपीएससी करतोय, ही तिसरी वेळ. अभ्यास झालेला असतो पण परीक्षेच्या सकाळी तोंड कोरडं पडतं, हात गार होतात, दोन-तीनदा संडासला जावं लागतं आणि हॉलमध्ये बसलो की छातीत धडधड सुरू. मित्र म्हणतात तू मनाने कच्चा आहेस. हे खरं आहे का?
– एक विद्यार्थी, पुणे

उत्तर : अरे, अजिबात नाही. तू जे जे लिहिलंयस ते सगळं तुझं शरीर एकदम व्यवस्थित चालू असल्याचं लक्षण आहे, फक्त तुला त्याची भाषा कुणी सांगितलेली नाही.

दोन्ही किडन्यांच्या डोक्यावर टोपी घातल्यासारख्या दोन ग्रंथी बसलेल्या असतात, ॲड्रिनल म्हणतात त्यांना, एकेकीचं वजन जेमतेम ४-५ ग्रॅम. मेंदूने इशारा दिला की त्यांच्या गाभ्यातून काही सेकंदांत ॲड्रिनलिन रक्तात येतं, आणि त्याच वेळी नसांमधूनही तोच निरोप सगळीकडे जातो. लिव्हर साठवलेली साखर रक्तात सोडतं, हृदय जोरात चालतं, आणि कातडीकडचं नि पोटाकडचं रक्त कमी करून ते हातापायाच्या मोठ्या स्नायूंकडे वळवलं जातं. म्हणून तळहात गार. लाळ कमी आणि घट्ट होते म्हणून तोंड कोरडं. पोटाचं काम मंदावतं पण मोठ्या आतड्याला उलट घाई होते, म्हणून संडासच्या फेऱ्या. हार्वर्डचे वॉल्टर कॅनन नावाचे शास्त्रज्ञ होते, ते १८९०च्या दशकात नव्याने शोधलेल्या एक्स-रेखाली मांजरांचं पचन बघत बसायचे. त्यांच्या लक्षात आलं की मांजर घाबरलं किंवा चिडलं की पोटाची हालचाल जागच्या जागी थांबते, शांत झालं की परत सुरू. पुढे १९१५ मध्ये त्यांनी 'लढा किंवा पळा' ही कल्पना मांडली ती याच सगळ्या निरीक्षणांतून आलेली.

आता तुला आमच्या लॅबमधली गोष्ट सांगते. फर्स्ट इयरच्या मुलांना आम्ही दरवर्षी एक प्रॅक्टिकल द्यायचो. बादलीत बर्फ, वर पाणी, थर्मामीटर ४ अंशांवर आला की एका मुलाने हात मनगटापर्यंत त्यात बुडवायचा आणि एक मिनिट काढायचा नाही, दुसऱ्या दंडाला बीपीचा पट्टा बांधलेला. सुरुवातीला ११२ असलेला वरचा आकडा बघता बघता १२६, १२८ होतो, मुलगा दात दाबून बसलेला, बाकीची बॅच सेकंद मोजतेय. मग हात बाहेर, टॉवेल. आणि इथे सगळी पोरं वही मिटून उठायला लागायची, तेव्हा मी ओरडायचे की बसा, खरं प्रॅक्टिकल आत्ता सुरू झालंय! कारण पारा किती चढला यापेक्षा तो किती वेळात खाली आला हे बघायचं असतं. साधारण दोन मिनिटांत तो पुन्हा ११२ च्या आसपास येतो. तब्येत ठणठणीत असलेल्या माणसाचाही पारा चढतोच. तो न चढणं हे काही चांगलं लक्षण नाही.

तर धडधड बंद पाडायच्या मागे लागू नकोस. अमेरिकेत २०१० साली जीआरई (तिकडच्या पुढच्या शिक्षणाची प्रवेश परीक्षा) देण्याची तयारी करणाऱ्या मुलांवर एक प्रयोग छापून आला होता, त्यात काही जणांना सराव परीक्षेआधी एवढंच सांगितलं की धडधड झाली तर घाबरू नका, त्याने पेपर चांगलाही जाऊ शकतो, आणि त्या मुलांचा गणिताचा भाग खरंच जास्त चांगला गेला. बाकी तुला करायचं काय, तर सकाळी तीन-तीन चहा मारू नकोस, एक पुरे, आणि हॉलमध्ये बसल्यावर मनगटावर बोट ठेवून नाडी बघ. श्वास सोडताना ती किंचित हळू होते, घेताना वाढते, तुझ्या वयात हे बोटाला स्पष्ट कळतं. श्वास सोडताना हृदयावरचा ब्रेक दाबला जातो, व्हेगस नावाची नस आहे तिचं काम ते. म्हणून चार आकडे मोजत श्वास घ्यायचा आणि सात-आठ आकडे मोजत सोडायचा, पेपर हातात पडेपर्यंत एवढंच करत राहा. ॲड्रिनलिन रक्तात दोन-तीन मिनिटांतच निम्मं होतं, नवीन सुटत राहिलं नाही तर पारा आपोआप उतरतो.

प्रश्न : मे महिन्यात नागपूरला लग्नाला गेलो होतो. माझ्या २४ वर्षांच्या मुलाला दुसऱ्याच दिवशी चक्कर, उलट्या, शेवटी सलाईन लावावं लागलं. माझे दीर ५६ वर्षांचे, दिवसभर मांडवात उभे, त्यांना काहीही झालं नाही. ते म्हणाले खिशात कांदा ठेवायला पाहिजे होता. मुलगा जिमला जातो, मग त्याच्यात काय कमी आहे?
– एक आई, ठाणे

उत्तर : ताई, मुलात काहीही कमी नाही, त्याला फक्त दहा-बारा दिवस कमी मिळाले.

शरीराचं आतलं तापमान ३७ च्या आसपास राहायलाच लागतं, त्यात फार सवलत नाही. बाहेर पारा ४५ असताना कातडी असते ३५-३६ वर, म्हणजे हवा कातडीपेक्षा गरम, मग अंगातली उष्णता हवेत जाणार कशी? उलट हवेतली अंगात येते. अशा वेळी एकच रस्ता उरतो, घाम. आपल्या अंगावर वीस ते चाळीस लाख घामाच्या ग्रंथी आहेत, आणि एक लिटर घाम पूर्ण वाळला तर तो साधारण ५८० किलोकॅलरी उष्णता घेऊन जातो. नुसतं पडून राहिलेल्या माणसाच्या शरीरात सात-आठ तासांत जेवढी उष्णता तयार होते तेवढी! पण वाळला तर हं. ठाण्या-मुंबईत तो वाळत नाही, नुसता ओघळतो, त्याच कारणाने नागपुरात ज्या कूलरवर अख्खं घर गार होतं तो तुमच्याकडे नुसता दमटपणा वाढवतो.

आता तुमचे दीर. मार्च-एप्रिलपासून रोज थोडं थोडं ऊन अंगावर घेत घेत त्यांचं शरीर बदललेलं असतं आणि हा बदल मला अजूनही नवलाचा वाटतो. पहिल्या चार-पाच दिवसांतच रक्तातला पाण्याचा भाग वाढतो, त्यामुळे कातडीकडे भरपूर रक्त पाठवूनही हृदयाला पुरतं आणि नाडी आधीइतकी पळत नाही. मग घाम लवकर यायला लागतो, म्हणजे अंग जास्त तापायची वाट न बघता आधीच, आणि जास्त येतो. आणि सगळ्यात भारी गोष्ट, घामातलं मीठ कमी होतं. ॲड्रिनलच्या वरच्या थरातून अल्डोस्टेरॉन नावाचं हार्मोन येतं, ते घामाच्या ग्रंथींना सांगतं की पाणी जाऊ दे, मीठ परत घे. नवख्या माणसाचा शर्ट वाळला की पाठीवर पांढरे डाग उमटतात, मुरलेल्या माणसाच्या शर्टावर ते कमी दिसतात. पुढच्या वेळी दोघांचे शर्ट शेजारी शेजारी वाळत घालून बघा.

हे सगळं व्हायला एक ते दोन आठवडे लागतात, आणि रोज तासभर तरी उन्हात हालचाल हवी, दिवसभर एसीत बसून नागपुरात महिना काढला तरी होणार नाही. पुन्हा गारव्यात राहायला गेलं की दोन-तीन आठवड्यांत बरंचसं उतरूनही जातं. अमेरिकेत उन्हात काम करणाऱ्या नव्या कामगारासाठी तर अशी शिफारसच आहे की पहिल्या दिवशी नेहमीच्या फक्त पाचव्या हिश्श्याइतकं काम द्या आणि रोज तेवढंच वाढवत न्या, कारण उष्माघाताचे बळी बरेचदा पहिल्या आठवड्यातलेच असतात. आपल्याकडे ऊसतोडीला, वीटभट्टीवर, रस्त्याच्या कामावर नवा आलेला माणूस पहिल्याच दिवशी पूर्ण हजेरीला जुंपला जातो, हे मला फार लागतं. मुकादम हे वाचणार नाहीत बहुतेक, पण त्यांच्या ओळखीचं कुणी वाचत असेल तर जरूर सांगा.

कांद्याबद्दल, खिशातला कांदा अंग गार करत नाही. डोक्याला घट्ट बांधलेला दुपट्टा मात्र खरंच कामाचा, आणि ताक, मीठ-साखर घातलेलं पन्हं, लिंबू सरबत हेही, कारण पाण्याबरोबर मीठही परत जातं. बीपीमुळे मीठ कमी सांगितलं असेल तर तेवढं डॉक्टरांना विचारून. आणि एक लक्षात ठेवा, उन्हातला माणूस असंबद्ध बोलायला लागला, अंग भट्टीसारखं तापलं तर सरबत पाजत बसायचं नाही, अंगावर पाणी ओतायचं, पंखा लावायचा, काखेत-जांघेत बर्फ ठेवायचा आणि ताबडतोब हॉस्पिटल.

प्रश्न : वय ७२, बीपीची गोळी चालू. जमिनीवर पाटावर जेवायची सवय. जेवून उठताना डोळ्यांपुढे अंधारी येते, भिंत धरावी लागते. बीपी तर तपासलं की नॉर्मल येतं.
– एक आजोबा, सातारा

उत्तर : काका, तुमचं बीपी बसवून तपासलंय ना? ते उभं राहून तपासायला सांगा, एका मिनिटाने आणि तीन मिनिटांनी. आपण उभे राहिलो की अर्धा ते पाऊण लिटर रक्त पायांकडे आणि पोटात उतरतं. मानेतल्या मोठ्या रक्तवाहिनीत दाब मोजणारे सेन्सर आहेत, ते लगेच मेंदूला कळवतात आणि एक-दोन ठोक्यांत हृदय वेगाने चालायला लागतं, पायाच्या रक्तवाहिन्या आवळल्या जातात, आपल्याला पत्ताही लागत नाही. वयोमानाने हे थोडं सुस्तावतं, जेवणानंतर आतड्यांकडे रक्त जास्त गेलेलं असतं, वर बीपीची गोळी. प्रोस्टेटसाठी काही घेत असाल तर त्यानेही असं होतं, ते डॉक्टरांना आवर्जून सांगा. वरचा आकडा २० किंवा जास्त खाली येत असेल तर गोळीची वेळ किंवा डोस बदलावा लागेल, पण स्वतःहून गोळी बंद करायची नाही. तोवर जेवण टेबलावर, उठायच्या आधी पावलं दहा-पंधरा वेळा वरखाली हलवायची, आणि पाट नातवाला द्या. मांडीचं हाड मोडलं तर सहा महिने जातात हो.

प्रश्न : वय ५१. सासूबाईंना पॅरालिसिस होऊन सहा वर्षं झाली, सगळं अंथरुणातच. रात्री तीन-चारदा उठावं लागतं, कूस बदलायला, कपडे बदलायला. मला कधी काही नव्हतं. यंदा बीपी १५०/९६ आणि उपाशीपोटी साखर १३२ निघाली. माझ्या माहेरी कुणाला नाही. घरातले म्हणतात टेन्शन घेऊ नकोस, मेडिटेशन कर. टेन्शनने खरंच शुगर होते का?
– एक सूनबाई, कराड

उत्तर : ताई, तुमचं पत्र मी तीनदा वाचलं. टेन्शन घेऊ नकोस म्हणणाऱ्यांपैकी रात्री तीन वाजता कोण उठतं, हा प्रश्न आधी मनात आला.

वर त्या विद्यार्थ्याला ॲड्रिनलिनचं सांगितलं, ती झटपट यंत्रणा. तिच्या मागोमाग एक सावकाश यंत्रणा जागी होते. मेंदूच्या तळाशी हायपोथॅलॅमस नावाचा भाग, तो खालच्या पिट्युटरी नावाच्या छोट्या ग्रंथीला निरोप देतो, पिट्युटरी ॲड्रिनलच्या वरच्या थराला, आणि तिथून कॉर्टिसॉल येतं. कॉर्टिसॉल वाईट नाही, ते नसेल तर माणूस जगत नाही. पहाटे ते सगळ्यात जास्त असतं, आपल्याला उठवायला, आणि मध्यरात्रीच्या सुमारास सगळ्यात कमी. लिव्हरला ते सांगतं साखर बनव, स्नायूंना सांगतं इन्सुलिनचं फार ऐकू नका, रक्तवाहिन्यांना ताठ ठेवतं. तासाभराच्या संकटासाठी हे उत्तम. आणि रक्तात पुरेसं कॉर्टिसॉल झालं की तेच वर जाऊन हायपोथॅलॅमसला सांगतं की बास, आता थांब. म्हणजे चढायचा आणि उतरायचा रस्ता एकच आहे.

तुमच्या बाबतीत उतरायलाच वेळ मिळत नाहीये. बीपी रात्री झोपेत साधारण १० ते २० टक्के खाली येतं, रक्तवाहिन्यांना तेवढाच आराम. दर दोन तासांनी उठणाऱ्या बाईला तो मिळत नाही. झोपेचं साखरेशी काय नातं आहे हे शिकागोत तपासलं होतं, १९९९ मध्ये ते प्रसिद्ध झालं. अकरा धडधाकट तरुणांना सहा रात्री फक्त चार-चार तास झोपू दिलं. तेवढ्यातच त्यांच्या शरीराची साखर हाताळायची ताकद स्पष्ट कमी झाली आणि संध्याकाळचं कॉर्टिसॉल वाढलं. मग भरपूर झोपायला दिल्यावर आकडे पुन्हा सुधारले. सहा रात्रींत एवढं, तुमची सहा वर्षं आहेत.

आणि तुमच्यासारख्यांवरच केलेला एक अभ्यास आहे, तो मी प्रत्येक बॅचला सांगायचे. अमेरिकेत ओहायोत जॅनिस किकोल्ट-ग्लेसर यांनी १९९५ मध्ये डिमेन्शिया (स्मृतिभ्रंश) झालेल्या नातेवाइकाची सेवा करणाऱ्या १३ बायका घेतल्या, आणि त्याच वयाच्या, तशाच परिस्थितीतल्या पण ही जबाबदारी नसलेल्या दुसऱ्या १३. प्रत्येकीच्या हातावर, कोपराच्या खाली, साडेतीन मिलिमीटरची एकसारखी छोटी जखम केली आणि ती भरायची वाट बघितली. सेवा करणाऱ्या बायकांची जखम भरायला सरासरी नऊ दिवस जास्त लागले. ताण मनात असतो म्हणणाऱ्याला मी हे सांगते, कारण जखम हातावर होती आणि मोजलेली होती.

हान्स सेल्ये नावाच्या शास्त्रज्ञांनी हे उंदरांमध्ये १९३६ मध्येच दाखवलं होतं. मॉन्ट्रियलमध्ये ते नवीन हार्मोन शोधत होते, उंदरांना अर्क टोचला की ॲड्रिनल सुजायची, प्रतिकारशक्तीच्या ग्रंथी आक्रसायच्या, पोटात अल्सर व्हायचे. त्यांना वाटलं हार्मोन सापडलं! मग नुसतं फॉर्मेलिन टोचून बघितलं तरी तेच, थंडीत ठेवलं तरी तेच, दमेपर्यंत पळवलं तरी तेच. काय टोचलं याच्याशी संबंधच नव्हता. आधी शरीर खडबडून जागं होतं, मग बराच काळ टिकून राहतं, इतकं की वरून सगळं छान चाललंय असं वाटतं, आणि मग एक दिवस थकतं. तुमचा तो मधला काळ सहा वर्षं चालला. पुढे न्यूयॉर्कच्या ब्रूस मॅकइवेन यांनी १९९३ मध्ये या झिजेला ॲलोस्टॅटिक लोड असं नाव दिलं. मी त्याला साध्या भाषेत उधारी म्हणते. शरीराने रोज तोल सांभाळला, पण उधारीवर.

मग टेन्शननेच शुगर झाली का? एकट्या टेन्शनने असं मी म्हणणार नाही. वय, वजन, पाळी जाण्याचा काळ, अवेळी खाणं, सगळं मिळून. पण तुमच्या आयुष्यात ते सगळ्यात जड पारडं आहे असं मला वाटतं. उपाशीपोटी १२६ किंवा त्याहून जास्त दोनदा आली तर डायबिटिस धरतात, म्हणून एकदा पुन्हा तपासा, एचबीए१सी (मागच्या दोन-तीन महिन्यांच्या साखरेची सरासरी सांगणारी तपासणी) पण करा, आणि बीपीची गोळी डॉक्टरांनी दिली तर निमूट सुरू करा. त्यात हरल्यासारखं काही नाही.

आता घरातल्यांसाठी, हे पान त्यांच्यासमोर ठेवा. मेडिटेशन चांगलं आहे, पण या बाईला पहिलं औषध सलग झोप आहे. आठवड्यातून निदान दोन रात्री सासूबाईंच्या खोलीत दुसरं कुणीतरी झोपायचं, मुलगा, नणंद, पगारी मावशी, कुणीही, आणि ताईंनी दार लावून दुसऱ्या खोलीत झोपायचं. एअर बेड नसेल तर घ्या, त्याने कूस बदलण्याचं काम पूर्ण थांबत नाही पण बेडसोअरची धास्ती कमी होते. दिवसा अर्धा तास तरी घराबाहेर चालणं, एकटीने, हातात पिशवी आणि सामानाची यादी न घेता. तीन महिन्यांनी आकडे मला कळवा, मी खरंच वाट बघतेय.

प्रश्न : स्ट्रेससाठी अश्वगंधा घेतलं तर चालेल का? जाहिरातीत कॉर्टिसॉल कमी होतं म्हणतात.
– एक आयटीवाला, हिंजवडी

उत्तर : अगदी थोडक्यात. काही छोट्या चाचण्यांमध्ये काही आठवडे घेतल्यावर कॉर्टिसॉल थोडं कमी झालेलं आणि झोप सुधारलेली दिसलीये, त्यामुळे सगळंच खोटं असं मी म्हणणार नाही. पण लिव्हरला त्रास झाल्याच्या केसेसही छापून आल्यात, थायरॉईडची गोळी चालू असेल तर आकडे हलू शकतात, आणि गरोदरपणात अजिबात नको. आयुर्वेदाच्या शिकलेल्या वैद्यांना विचारून घ्या, ऑनलाईन डबा मागवून नको. आणि तुम्ही पत्र रात्री पावणेदोनला पाठवलंय, आधी ते बघा.

प्रश्न : आईचं वय ६२, गुडघे दुखतात. आठवडी बाजारात एक जण पुड्या द्यायचा, दीड वर्ष घेतल्या, पहिल्या आठवड्यातच चालायला लागली, भूक वाढली, चेहराही भरला. दोन आठवड्यांपूर्वी तो माणूस यायचा बंद झाला. आता तिला उठवत नाही, मळमळतं, चक्कर येते, बीपी ९० वर आलंय. गुडघ्याचा आणि याचा काय संबंध?
– एक मुलगा, बीड

उत्तर : दादा, तुम्हाला मी फोनवर आधीच सांगितलंय आणि तुम्ही आईला ॲडमिट केलंय हे कळलं, बरं वाटलं. पण बाकीच्यांसाठी इथे लिहितेय, कारण दवाखान्यात अशी केस मला दर वर्षी दिसते.

अशा पुड्यांमध्ये बरेचदा स्टेरॉईड कुटून घातलेलं सापडतं, प्रेडनिसोलोन किंवा डेक्सामेथासोन. ही औषधं म्हणजे कॉर्टिसॉलचीच भावंडं, म्हणून दुखणं जादूसारखं थांबतं आणि चेहरा चंद्रासारखा गोल होतो, ते अंग धरणं नव्हे, सूज आणि चरबी आहे. वर कराडच्या ताईंना सांगितलं ना, की रक्तात कॉर्टिसॉल पुरेसं झालं की ते स्वतःच वर जाऊन सांगतं आता थांब. पुडीतलं स्टेरॉईडही तोच निरोप देतं, रोज, दीड वर्षं. हायपोथॅलॅमस गप्प, पिट्युटरी गप्प, आणि काम नाही म्हणून ॲड्रिनलचा वरचा थर अक्षरशः आक्रसतो. मग एक दिवस पुडी बंद होते. बाहेरचं गेलं आणि आतलं बनवणारं कुणी जागं नाही. साधा ताप, जुलाब, पडणं, एरवी ज्यासाठी शरीर कॉर्टिसॉल कितीतरी पटीने वाढवतं, ते यांच्यात वाढूच शकत नाही. बीपी कोसळतं, साखर खाली जाते, वेळेवर इंजेक्शन नाही मिळालं तर जीव जातो.

आईचं सकाळी आठचं कॉर्टिसॉल तपासतील, हायड्रोकॉर्टिसोन, म्हणजे औषधाच्या रूपातलं कॉर्टिसॉल, सुरू करतील आणि मग डोस हळूहळू, आठवड्या-महिन्यांच्या हिशोबाने खाली आणतील, म्हणजे झोपलेल्या ग्रंथीला जागं व्हायला अवधी मिळेल. कुणाला दोन-तीन महिने लागतात, कुणाला वर्षही. तोपर्यंत एक चिठ्ठी तिच्या पर्समध्ये कायम ठेवा, हिला स्टेरॉईड चालू आहे, ताप-उलटी-अपघात झाला तर डोस वाढवावा लागेल, असं स्पष्ट लिहून. साखर आणि हाडांची तपासणीही करून घ्या.

हे वाचून दम्याचा पंप किंवा संधिवाताची डॉक्टरांनी दिलेली गोळी कुणी घाबरून बंद करू नका, कृपा करून. ती मोजून-मापून दिलेली असते, आणि अचानक बंद करण्यातच तर धोका आहे. आणि दादा, आईला रागावू नका, दुखणाऱ्या माणसाला जे थांबवेल ते तो घेणारच. घरात एखादी पुडी उरली असेल तर फेकून देऊ नका, तशीच कागदासकट डॉक्टरांकडे घेऊन जा, आणि गावात अजून कोण कोण त्या घेत होतं ते आजच विचारा. त्यांच्याही पुड्या दोन आठवड्यांपूर्वीच संपल्या असतील.